निळ्या पिंपातली माती

आमच्या वसाहतीत कुणी जमिनीत कुदळ मारली की आधी ठिणगी उडायची आणि मागोमाग शिवी. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर आमच्या लोकांना राहायला मिळाली ती मुरमाची एक बोडकी टेकडी होती. एका रांगेत बांधलेली घरं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखी. पुढे रस्ता, मागे मोरी, मोरीपलीकडे नुसती खडी. जुन्या गावची माणसं या जागेला कधी गाव म्हणाली नाहीत, 'वर' म्हणायची. वर पाणी आलं का, वर दिवे गेले का, असं. आणि जे बुडालं ते 'खाली'. मी आणि माझी थोरली बहीण सुमनताई, आम्ही दोघी वरच जन्मलो. आमच्यासाठी 'खाली' म्हणजे लांबवर चकाकणारं पाणी, बस्स. त्या पाण्यात आपलं घर आहे यावर लहानपणी माझा विश्वासच नव्हता. मला वाटायचं, मोठ्या माणसांना काहीतरी हरवलंय असं सांगायला आवडतं.

बाबा आसनगावच्या बाजूला एका कारखान्यात रखवालदार होते. पाळीवरून आले की अंगणात बाज टाकून बसायचे आणि जो समोर येईल त्याला समजावून सांगायचे. विषय कुठलाही चालायचा, पण शेवटी गाडी एकाच ठिकाणी यायची. आपण बुद्धाची माणसं, अंगारे-धुपारे, नवससायास, नजर-बिजर आपल्या घरात चालायचं नाही. "डोल्यानं दिसंल तेवढंच मानायचं," हे त्यांचं वाक्य मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. आई त्यावर हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. ती मुरबाडकडची, म्हसा गावाच्या पलीकडच्या पाड्यातली, मुळातच कमी बोलणारी. सकाळी तांदळाच्या भाकरी थापताना जो थपथप आवाज यायचा, तोच आम्ही तिचा आवाज धरून चाललो होतो. चुलीवर सुकट भाजल्याचा वास, कुळथाच्या पिठीला दिलेली लसणाची फोडणी आणि बाबांचं भाषण, एवढ्यात आमचं घर भरून जायचं.

आईची एकच गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. वसाहतीतल्या बाया गोधड्या धुवायला उतारावरून धरणाच्या पाण्यावर जायच्या, आई कधी गेली नाही. हातपंपावर रांगेत तासभर उभी राहील, पण खाली उतरणार नाही. कारण मला आमच्या शेजारच्या पांडूनानाने सांगितलं. नानाचा टेम्पो होता, तोही जुन्या गावचाच. आमच्या दोघींच्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तो खाली झाला आणि खालीच गेला, महिनाभराचाही झाला नव्हता. बाबा तेव्हा लांब कुठे मजुरीला होते. मामाने त्याला गावाबाहेर नेऊन पुरलं, कारण तान्ही पोरं आमच्यात जाळत नाहीत. पुढच्या पावसाळ्यात गाव उठलं आणि त्यावर पाणी आलं. मामाही पुढे लवकर गेला. घरात हा विषय कुणी काढत नसे. बाबांनी मुलाचं तोंड पाहिलं नव्हतं, जागा तर नाहीच नाही.

मी दहावीला होते त्या वर्षी माघात ताई बाळंतपणाला घरी आली. हे सोपं येणं नव्हतं. तिची आधीची दोन पोटं दिवस भरत आले असताना गेली होती, आणि सासरी लोक आता तिच्यासमोरच घसा खाकरून बोलायला लागले होते. दाजी तिला सोडायला आले तेव्हा पिशवी ठेवून नुसतेच उभे राहिले, मग म्हणाले, "आत्ये, ह्या टायमाला काय पन करा." आईने त्यांना पाणी दिलं. ते गेल्यावर ती मागच्या दाराशी जाऊन खडीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भाजी लावली पायजे." मला वाटलं, ती दाजींचं बोलणं ऐकतच नव्हती. पण तिच्या डोक्यात हिशेब पक्का होता. चैत्रात ताई मोकळी होणार, बाळंतिणीला शेपू लागतो, कोवळं पडवळ लागतं, बाजारची सुकलेली भाजी तिला द्यायची नाही. पोर जगवायचं तर आधी पोरीच्या ताटापासून सुरुवात.

मुरमात काही येणार नव्हतंच. मग बाबांनी कारखान्यातून आणि गावभरातून रिकामी भांडी जमवली. रंगाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, एक गळका हंडा, फुटकी घमेली, सिमेंटच्या गोण्या आणि मधोमध कापलेलं एक निळं प्लास्टिकचं पिंप. मी चुलीत सळई लाल करून प्रत्येकाच्या बुडाला भोकं पाडली. त्या जळक्या प्लास्टिकच्या वासाने ताईला उलट्या झाल्या आणि मला बोलणी बसली. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे, त्यावर पालापाचोळा, त्यावर माती आणि शेणखत, असा आईचा थर ठरलेला. आता माझ्या आसनगावच्या गॅलरीत मी पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेली विकतची माती वापरते. हलकी, स्वच्छ, कसलाही वास नसलेली. कुठून आली कोण जाणे, पण निदान माझ्या ओळखीची नाही.

तेव्हा मातीचाच प्रश्न होता. त्या साली धरणाचं पाणी लवकर उतरलं होतं आणि खाली जुन्या शेतांवर गाळ उघडा पडला होता. बाबा म्हणाले, गाळासारखी माती नाही, नानाचा टेम्पो घेऊ आणि गोणी भरून आणू. पांडूनाना आधी नकोच म्हणत होता. "बुडाल्याली माती वर आनू नये," तो म्हणाला. बाबांना तेवढंच हवं होतं, त्यांनी त्याला अर्धा तास विज्ञान सांगितलं. शेवटी नाना कंटाळून चावी घेऊन उठला. संध्याकाळी दोघं आले ते गोण्या घेऊन. माती काळी, जड, हाताला लोण्यासारखी लागणारी. शेवटची गोणी वेगळ्या ठिकाणची होती, जरा तांबूस, भुसभुशीत, ती आईने निळ्या पिंपात ओतली. पिंप खोल, म्हणून त्यात पडवळ. शेपू, मेथी आणि माठ घमेल्यांत फेकला, मिरची-वांगी डब्यांत, भेंडी गोण्यांत. पडवळाच्या बिया ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवलेल्या होत्या, त्या ताईने स्वतःच्या हाताने पिंपात टोचल्या. आईनेच तसं सांगितलं होतं.

पाणी घालायचं काम ताईचं. तेवढीच हालचाल, म्हणायची आई. तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी, भांड्यांचं पहिलं विसळण, सगळं एका बादलीत साठायचं आणि ताई तांब्या-तांब्याने वाटायची. आठवड्यात शेपूची हिरवी जाळी दिसायला लागली, भेंडी वर आली. पडवळ मात्र आम्ही बघायला गेलो तेव्हा वीतभर झालं होतं. आदल्या दिवशी तिथे काही नव्हतं असं ताई शपथेवर सांगत होती. बाबा म्हणाले, तुझं लक्ष नसेल. असेलही. आमच्या ताईचं लक्ष तेव्हा बहुतेक पोटाकडेच असायचं.

पण मग दुपारच्या गोष्टी सुरू झाल्या. फाल्गुनातली दुपार आमच्या टेकडीवर कशी असते ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. वारा पडतो, कुत्री मोरीच्या ओलीत जाऊन निजतात, पत्रे तडतड वाजतात आणि मग तेही वाजायचे थांबतात. त्या वेळी सगळ्या डब्यांतली माती वरून भेगाळलेली असायची. निळ्या पिंपातली ओली. मी बोट खुपसून बघितलं, तर ओली आणि थंड, मोरीच्या दगडाखाली असते तशी थंड. "गालाची माती हाय, पानी धरते," बाबा म्हणाले. ती गाळाची होती हे खरंच. पण मग बाकीच्या डब्यांतही गाळच होता, आणि हे मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी मला अभ्यासाला बसवलं.

ताईला भीती वाटत नव्हती, उलट तिला त्या पिंपाचा लळा लागला. दुपारी पाट टाकून त्याच्याजवळ बसायची, पिंपाला पाठ टेकून. तिथं गार वाटतं म्हणायची. एकदा तिने मला हाक मारली, "शालू, कान लाव गो इथं." तिने पिंपात एक तांब्या पाणी ओतलं होतं. माती ते पीत होती. चुटचुट, चुटचुट, मध्येच श्वास घेतल्यासारखं थांबून पुन्हा चुटचुट. तहानलेल्या मातीतून असा आवाज येतो हे मला माहीत आहे, पण ती माती तहानलेली नव्हती, आधीच चिंब होती. "पितोय बघ," ताई हसून म्हणाली. मी म्हटलं, कोण? तर तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं ती असं का बोलली. आत आईच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. माझ्या मनात पाल चुकचुकली ती त्या दिवशी.

वेलासाठी बाबांनी उन्हाच्या बाजूला बांबूचा छोटा मांडव घातला होता. वेल तिकडे गेला नाही. तो भिंतीच्या सावलीकडे वळला, जिथे ताई निजायची त्या खोलीची खिडकी होती. मी त्याला सोडवून मांडवावर चढवला, सुतळीने सैल बांधला. सकाळी त्याचे कुरळे धागे पुन्हा खिडकीच्या गजाला वेटोळे घालून बसलेले. चार-पाच वेळा असं झालं आणि मी नाद सोडला. झाड सावलीकडे जात नाही हे मी शाळेत शिकले होते, झाडाला कुणी शिकवलं नसावं. मग फुलं आली. पडवळाचं फूल पांढरं असतं, कडांना दोरे काढल्यासारखं, आणि ते संध्याकाळी उमलतं. दिवेलागणीला ताईच्या खिडकीत ती फुलं गजांच्या आत यायची. ती निजल्या निजल्या त्यांच्याकडे बघायची आणि पोटावरून हात फिरवायची. पोटातलं त्या वेळेलाच जास्त हलतं, असं ती सांगायची.

कोवळ्या फळाकडे बोट दाखवलं तर ते कुजतं, अशी आमच्याकडे समजूत आहे. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं. बाबांना हे म्हणजे आयतंच मिळालं. पहिली पडवळं बोटाएवढी लोंबायला लागली तसे ते रोज कारखान्यातून आल्यावर पिंपासमोर उभे राहून चांगलं सरळ बोट रोखायचे. "बघ गो, सडलं का? नाय ना सडलं?" शेजारच्या डब्यातल्या मिरच्यांकडेही त्यांनी असंच बोट दाखवलं होतं, त्या किडीने गेल्या, पण त्या त्यांनी हिशेबात धरल्या नाहीत. पडवळ मात्र रोज बोटभर लांबत होतं. आईने त्यांच्या टोकांना दोऱ्याने खडे बांधले, म्हणजे ती सरळ वाढतात. एका पडवळाचा खडा रोज सुटून पडलेला सापडायचा. ते एकटं आत वळायचं, गजातून, ताईच्या उशीकडे.

होळी झाल्यावर आई बाबांना म्हणाली, "अवो, निल्या पिंपाची माती कुठली? मला आनखी तसलीच पायजे." ताई मोकळी झाल्यावर भाजी महिनाभर पुरायला हवी होती आणि बाकीच्या डब्यांतलं सगळं किडकिडीत होतं. बाबांना जागा नीट सांगता येईना. खोडाजवळची, ते म्हणाले, एक मोठं खोड आहे. कुठलं खोड? ते काय मला ठाऊक, खाली सगळी खोडंच आहेत. आई उठली. मग डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "मी येते." मी तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत उतार न उतरलेली बाई ताईच्या भाजीसाठी खाली निघाली होती. मीही हट्टाने टेम्पोत चढले. शेजारच्या काकूंना ताईजवळ बसवलं.

पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. पांडूनानाने जिथे गाळ सुरू होतो तिथे टेम्पो थांबवला आणि चाकाच्या सावलीत बसला. "बारा वाजता मी खाली उतरत नाय. तुमी जावा," तो म्हणाला. बाबाही त्याच्याशी वाद घालायला थांबले नाहीत. आम्ही तिघं गाळावरून चालायला लागलो. खाली मातीच्या भेगांचं जाळं, मध्ये मध्ये घरांची जोती, एका दगडात कोरलेलं उखळ, त्यात अजून पाणी. झाडांची खोडं पांढरी पडलेली, फांद्या नसलेली. पाखरू नाही, किडा-मुंगी नाही, वारा नाही. आमच्या पावलांचा करकर आवाज तेवढा, आणि मी थांबले की तोही थोडा उशिरा थांबतोय असं मला वाटत होतं.

आई सरळ चालत नव्हती, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. समोर सगळं उघडं मोकळं असताना ती चार पावलं गेली की वळायची, मग पुन्हा वळायची. बाबा आडवे तोडून पुढे गेले होते, ती मात्र कडेकडेने, कशाला तरी वळसा घालून. एका ठिकाणी तिने मान वाकवली आणि पुढे जाऊन सरळ केली. ती जुन्या गावच्या गल्ल्यांतून चालली होती. भिंती नव्हत्या, पण ती भिंतींना धरून चालली होती, आणि मी तिच्या मागे मागे त्याच वळणांनी चालले, कारण आडवं तोडायचा मला धीर झाला नाही. कुणाच्या तरी घरातून चालत गेल्यासारखं झालं असतं ते.

बाबा एका रुंद खोडाजवळ फावडं टेकून उभे होते. "ही बघ, हितली. कसली भुसभुशीत हाय, बाकी कुठं अशी नाय." खोडाच्या मुळाशी त्यांनी मागे खणलेला खड्डा तसाच होता, कमरेइतक्या पोराला बसता येईल एवढा. आई खड्ड्यापासून दोन हातांवर थांबली.

"हितून काढली?"

"हा मग."

"हितं ठेवलाय त्याला," आई म्हणाली. "माझ्या दादानं मला दाखवलं व्हतं. ह्याच आसानाच्या झाडाच्या बुडाशी."

बाबांना आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांच्या हातातलं फावडं आडवं पडलं आणि त्याचा आवाज त्या उघड्यावर फार मोठा झाला. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि तापलेल्या गाळावर अनवाणी उभे राहिले. मला रडू आलं ते त्या चपला बघून. त्यांच्याकडून दुसरं काही व्हायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. खड्ड्यात बघायची माझी हिंमत झाली नाही. आईने बघितलं. नुसती माती होती, ती म्हणाली, बाकी काही राहिलेलं नाही, इतकी वर्षं पाणी होतं. मग ती उठली आणि एकदम तिच्या आवाजात घाई आली. "त्याला परत आनून ठेवा. आज. सुमन मोकली व्हायच्या आत."

तिला काय वाटत होतं ते तिने टेम्पोत सांगितलं नाही, पण आम्हा सगळ्यांना ते कळलं होतं. दोन पोटं गेलेली पोर, आणि तिच्या उशाशी आम्ही काय आणून ठेवलं होतं. पांडूनाना 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाला नाही, हे त्याचे उपकार. घरी आल्या आल्या बाबांनी आणि नानाने पिंपाला हात घातला. पिंप हलेना. वेल खिडकीच्या प्रत्येक गजात गुंतला होता, धागे असे आवळलेले की नखाने सुटेनात. आईने आतून कोयती आणली. मी म्हटलं, पडवळं तरी काढून घेऊ. ती ऐकत नव्हती. तिने वेल मुळाशी डाव्या मुठीत धरला आणि कोयती उचलली.

आणि आत ताई ओरडली.

तसलं ओरडणं मी पुढे नोकरीत पुष्कळ ऐकलं, कारण मी आरोग्यसेविका झाले आणि तीस वर्षं बायांच्या उशाशी उभी राहिले. पण तेव्हा ते मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि कोयती वर असताना ऐकत होते. आईचा हात तसाच थांबला. तिने मूठ सोडली. वेल सुटला तशी आत ताई गप्प झाली, दोन कळांच्या मध्ये बाई गप्प होते तशीच, एवढंच. दिवस भरायला अजून अवकाश होता. "राहू दे," आई म्हणाली, आम्हाला की पिंपाला कोण जाणे. पिंप जिथे होतं तिथेच राहिलं आणि त्याच टेम्पोत गोण्यांवर गोधडी टाकून आम्ही ताईला शहापूरच्या दवाखान्यात नेलं. दिवेलागणीला मुलगी झाली. बारकी, पण जिवंत. तिचं रडणं ऐकून बाबा दवाखान्याच्या पायरीवर बसले.

जीव टांगणीला लागला तो त्यानंतर. ताईला दूधच येईना. दवाखान्यात म्हणाले, येईल, काळजी नको, तोवर वाटी-चमच्याने पाजा. घरी आलो तरी येईना. पोर छातीला लावली की थोडा वेळ ओढायची, मग तोंड सोडून रडायची, आणि ते रडणं रोज जरासं बारीक होत चाललं होतं. आई ताईला शेक द्यायची, ओव्याची धुरी द्यायची, शेपूच्या भाजीत लसूण घालून द्यायची, खारकांची पेज द्यायची. काही उपयोग नाही. शेपू संपला, माठ संपला. डब्यांतलं सगळं खुडून झालं. निळ्या पिंपावरच्या पडवळांना मात्र कुणी हात लावला नव्हता. ती हातभर लांब, पांढुरक्या रेघांची, कोवळीच्या कोवळी खिडकीत लोंबत होती. पडवळ इतके दिवस वेलावर राहिलं की जून होतं, पिकतं, लाल पडतं. ही तशीच होती, वाट बघितल्यासारखी.

एका दुपारी पोरीने रडायचं थांबवलं. झोपली होती म्हणा, पण ती झोप कुणालाच आवडली नाही. आई उठली, मागच्या दाराने गेली आणि खिडकीत आत वळलेलं ते पडवळ तिने काढलं. दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन. मूगडाळ घालून भाजी केली, तांदळाची भाकरी केली. त्या दिवशी भाकरी थापण्याचा आवाज मला फार हळू वाटला. ताट तिने ताईसमोर ठेवलं आणि ताईने हात पुढे केला तशी म्हणाली, "थांब. आधी ऐक. मग जेव, नायतर बाजूला सार."

मग ती बोलली. सोळा वर्षांत मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. पिंपातली माती कुठली ते तिने सांगितलं. पुढे म्हणाली, "तो गेला तवा मला दूध लय व्हतं. थांबंच ना. असलं दूध पायदळी जाऊ देत नाय, झाडाच्या बुडाशी द्यावं लागतं. मी दुपारची, सगली निजली का, त्याच्याकडं जायची. त्या आसानाच्या बुडाशी. गाव उठंपर्यंत रोज जायची. माझं सगलं त्याला दिलं गो. मग पानी आलं नि जायचं राहिलं." तिने पदराने तोंड पुसलं. "त्या मातीतली भाजी हाय ही. तुला नको वाटंल तं मी रागवायची नाय."

बाबा दारात उभे होते. ताईने मांडीवरच्या पोरीकडे बघितलं, मग खिडकीकडे. मग भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. आम्ही सगळे तिच्या जबड्याकडे बघत होतो. तिने गिळलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "आनखी वाढ."

तिने टोपातली सगळी भाजी खाल्ली. ऊन कलायला लागलं तशी पोर जागी झाली आणि ताईने तिला छातीला घेतलं. आधी नेहमीसारखी ओढाओढ, मग पोरीचं तोंड घट्ट बसलं आणि खोलीत घोटाघोटाचा आवाज यायला लागला. ताई हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. दूध कधीकधी उशिरा उतरतं, घाबरायचं नसतं, असं मी पुढे कितीतरी ओल्या बाळंतिणींना सांगितलं, आणि ते खरंच आहे. ती बारकी पोर आज दोन मुलांची आई आहे, आणि पडवळ म्हटलं की नाक मुरडते.

मी आईकडे बघितलं, तिलाही हसू आलं असेल म्हणून. ती भिंतीला टेकून उभी होती आणि खाली स्वतःकडे बघत होती. तिच्या चोळीवर दोन ओले डाग पडले होते आणि ते पसरत होते. पंचेचाळिशीची बाई, तिचं शेवटचं पोर मी, आणि तोवर माझी दहावीची परीक्षा उरकली होती. मी बघतेय हे तिच्या ध्यानात आलं. तिने पदर ओढून घेतला, मागच्या दाराने बाहेर गेली आणि निळ्या पिंपाजवळ आमच्याकडे पाठ करून बसली. तिचे हात चोळीच्या गाठीकडे गेलेले मला दिसले.

बाबा उशिरा चटणी-भाकरी खाऊन हात धुवायला मोरीकडे निघाले होते. मी पुढे होऊन दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.

"आत्ता नको, बाबा," मी म्हटलं. "थोडा वेळ थांबा."

ते थांबले. हात तसेच खरकटे घेऊन ते दाराकडे बघत राहिले, आणि का ते त्यांनी विचारलं नाही.